बाबा, पद्मिनी सगळी खोलू नका

कोव्हेंट्री, इंग्लंड
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर आपल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दुरुस्तीचा विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे सगळं लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा, चहा घेत वाचा, पण वाचा.

दादाने त्या गॅरेजवाल्याचं एस्टिमेट मला पाठवलं. गाडी पूर्ण खोलायची, बॉडी पत्र्यापर्यंत खरवडायची, इंजिन उतरवायचं, नवा रंग, नवं रेक्झिन, आणि शेवटी म्हणे 'शोरूम कंडिशन'. आकडा बघून वहिनीच्या पोटात गोळा आला असं दादा म्हणाला. मला आकड्याचं काही वाटलं नाही, भीती वाटली ती 'पूर्ण खोलायची' या दोन शब्दांची. आपली पद्मिनी चालती गाडी आहे. धूर काढते, सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही, ब्रेक एका बाजूला ओढतात, उजव्या दाराखालचा पत्रा गेलाय. यातल्या एकाही दुखण्यासाठी तिचे नटबोल्ट वेगळे करून पोत्यात भरायची गरज नाही.

इथे जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती मी करमणूक म्हणून वाचते. 'काम अर्धवट, वेळेअभावी विकणे आहे, सुटे भाग खोक्यांत' अशी गाडी नाही असा आठवडा जात नाही. ज्याने खोलली त्याला पाचव्या महिन्यात आठवत नाही की कुठला ब्रॅकेट कुठला. मग ती गाडी शेडमध्ये दहा वर्षं, आणि शेवटी भंगारात. गंजाने मेलेल्या गाड्या पुष्कळ असतील, पण उत्साहाने मेलेल्याही काही कमी नाहीत.

माझी इथली जुनी गाडी, मायनर, १९६७ ची. मॉरिस मायनर १०००, चार दारांची, १०९८ सीसी. म्हणजे आपल्या पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या शेजारीच बसणारी. ही गाडी सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखली, १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात बनली. पुढे त्याच इसिगोनिसनी मिनी काढली. तुम्ही ज्या अ‍ॅम्बेसेडरला 'हत्ती' म्हणता तीही मूळची काउलीचीच, मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. आणि आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडरच्या आधी हिंदुस्तान मोटर्सने मायनरही 'बेबी हिंदुस्तान' नावाने काढली होती. त्यामुळे मी काही फार परकी वस्तू घरात आणलेली नाही, हे आईला सांगा.

आता इथे थंडी पडली. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून नगरपालिकेच्या गाड्या रात्री मीठ टाकत फिरतात, आणि ते मीठ जुन्या पत्र्याचा काळ. मायनर मार्चपर्यंत फारशी बाहेर काढणार नाही. हाच कामाचा हंगाम. मी एकच नियम पाळते: शनिवारी जे काम हातात घेतलं, ते संपून रविवारी संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर, चालू, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली पाहिजे. जे काम एवढ्यात बसणार नाही त्याचे तुकडे पाडायचे. असं करत करत खालचं ब्रेकचं सगळं बदललं, वायरिंगचा पुढचा भाग बदलला, रेडिएटर धुतला. गाडी कधी 'रिस्टोअर' झाली नाही, पण दरवर्षी आधीपेक्षा बरी झाली.

पहिलं काम ब्रेक. रंग नाही, क्रोम नाही, सीट नाही. ब्रेक.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, माझ्या मायनरलाही. तुमची गाडी एका बाजूला ओढते म्हणजे बहुतेक एका चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रममध्ये ब्रेक शू ढकलणारा) अडकलाय किंवा गळतोय आणि ऑइल शूला लागलंय. ड्रम काढताना एक सांभाळा. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ तोंडाने फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला मास्क. आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत हे कोणी पाळत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही पाळा. मग सिलिंडरचं रबर बाजूला करून आतलं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, बघा. खड्डे पडले असतील तर घासून भागणार नाही, नवं रबरही चार दिवसांत गळेल. तुम्ही म्हणाल, "मी स्लीव्ह घालतो," म्हणजे आत नवं नळकांडं. घाला की! स्टेनलेसची स्लीव्ह बसवून देणारे इथेही आहेत आणि त्याचे चांगले पैसे घेतात. तुमच्या लेथवर ते काम कसं होईल ते मी सांगायला नको.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं, गाडी चालो वा न चालो. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) सगळ्यात लांबचं चाक आधी. दादाला पेडलवर बसवा, पण हातात मोबाइल देऊ नका. माझ्या मायनरचा मास्टर सिलिंडर कुठे आहे माहीत आहे? ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसच्या पेटीत. आणि पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी) असा आडवा येतो की बोल्ट बाहेर निघता निघत नाही. हे डिझाइन करणाऱ्याला 'सर' ही पदवी मिळाली, तरी या एका कामापुरतं माझं त्यांच्याशी जमत नाही.

नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. लोखंडी स्टँड लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. आई पहारा ठेवणार आहे, मी तिला सांगितलंय.

दुसरं काम पेट्रोलचं, आणि हे तिकडे जास्त तातडीचं. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या गाड्यांना ते चालेलच असं नाही, हे सरकारनेच सांगितलं. आम्ही जुन्या गाड्यांवाले थोडे जास्त पैसे मोजून ई-५ वालं महाग पेट्रोल घेतो. तुमच्याकडे आता पंपावर ई-२० येतंय. दुप्पट. १९८४ च्या गाडीची रबरी नळी, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा), पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं पॅकिंग यांतलं काहीच इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. आणि इथेनॉलही पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत आणि फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) गंज, पांढरट चिखल. तुम्ही मागे म्हणालात ना, जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, सारखं चोंदतं म्हणून? मला याचाच संशय आहे.

म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदला. इथे आम्ही 'आर-९' खूण छापलेली नळी वापरतो, ती इथेनॉलला टिकते. पंपाचा डायफ्रॅम नवा टाका. पद्मिनीचा पंप इंजिनवरच बसतो, गरम होतो. मे महिन्यात आंबा घाटात तुम्ही त्यावर ओलं फडकं टाकून आम्हाला झाडाखाली बसवायचात, ते सगळं आठवतंय मला. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

आता माझ्या आवडीचं. मायनरला एसयू कार्बोरेटर आहे आणि त्याच्याइतकी साधी, हुशार वस्तू मी दुसरी पाहिली नाही. तुमच्या पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये ठरावीक मापाची जेट असतात. एसयूमध्ये एकच जेट, आणि त्यात वरखाली होणारी निमुळती सुई. इंजिनाने हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, सुई वर जाते, भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त. वरच्या नळकांड्यात थोडं ऑइल असतं, ते पिस्टनला झटकन उडू देत नाही. ते ऑइल आटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी गचका खाते, आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात. पिस्टन बोटाने उचलून सोडला तर खाली 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आला तर सुई मधोमध आहे, नाही आला तर कुठे तरी घासतेय. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळी मूळची बूट विकणारी, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. आपल्या चप्पल लाइनमध्ये हे सांगा, कोणी विश्वास ठेवणार नाही.

इग्निशनबद्दल तुम्हाला काय सांगू? सीबी पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) गॅप माझ्याकडे १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५, टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) थंड इंजिनवर १२. तुमचे आकडे पद्मिनीच्या पुस्तकात बघा, माझे लावू नका. एक मात्र इथे सगळे सांगतात आणि मला पटलंय: इग्निशनचे हे छोटे भाग, नवा कंडेन्सर आणि नवा रोटर, म्हणजे चांगलाच असं नाही. हल्ली बाजारात येणारे पुष्कळ कुचकामी असतात. जुना चालत असेल तर काढून फेकू नका, डिकीत ठेवा.

टॅपेटवरून आठवलं. शिसं असलेलं पेट्रोल इथे आणि आपल्याकडेही २००० साली बंद झालं. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) एक संरक्षण मिळायचं. ते गेल्यावर मऊ सीट हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो. म्हणून गॅप मोजला की वहीत लिहून ठेवा. तो दर वेळी कमी भरत असेल तरच इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवून कडक सीट बसवायच्या. कमी होत नसेल तर हेडला हात लावायचा नाही. त्या एस्टिमेटमध्ये हेडचं काम आधीच धरलंय, कोणी मोजून न बघता.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी बंद करा. कूलंट घाला. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण आतला गंज तरी थांबेल.

पत्र्याचं सांगते. शेजारच्या आजोबांकडे मायनर ट्रॅव्हलर आहे, मागचा भाग लाकडी. ते अ‍ॅश लाकूड नुसतं शोभेचं नाही, बॉडीचा भार त्यावर आहे. त्यांच्या गाडीच्या खालच्या फळीवर एका पावसाळी वर्षी चक्क अळंबी उगवली होती. त्यांनी सगळा सांगाडा बदलला नाही. कुजलेली तेवढीच फळी कापून नवी जोडली, जुन्या वाड्याचा एखादाच वासा बदलावा तशी. रंगात फरक दिसतो, आणि ते तो अभिमानाने दाखवतात. आपल्या उजव्या दाराखालचंही तसंच करा. गंजलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा, आतून मेण मारायचं. नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला तर एक पावसाळा छान दिसेल, आतून खाणं चालूच राहील. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, कार्पेट काढा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते बघा, पाण्याची बादली हाताशी.

रंगाला हात लावू नका असं माझं मत. तो फिकट हिरवा कारखान्याचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कारखान्यातून, जसा बाहेर पडला तसा. बॉनेटवर तो विरलाय, दारावर माझ्या सायकलचा ओरखडा आहे. असू दे. नवा रंग कधीही देता येईल, जुना परत आणता येणार नाही. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. घरगुती उरल्यात त्यांत मूळ रंगाच्या किती असतील?

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. मायनरचे पत्रे काही काळ श्रीलंकेत गॉलला बनून इंग्लंडला यायचे. तुम्ही तर उद्यमनगरात बसलाय. पितळी बुश, पिन, स्टड यांसाठी कोणाचं तोंड बघायचं? बाकी काच, बीडिंग, दाराचे हँडल यांसाठी दादा मुंबईला जाईल तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारू दे. जुना नमुना सोबत न्यायला सांगा.

इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, फार फेरफार केलेले नसतील तर, २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे, रस्ता करही नाही. तरी मी दरवर्षी ५४ पौंड ८५ पेन्सपर्यंतची फी भरून तपासून घेते. खाली शिरून दुसऱ्या माणसाने टॉर्च मारला की आपल्याला न दिसलेलं दिसतं. तुम्हीही ब्रेकचं काम झाल्यावर दुसऱ्या मिस्त्रीला एकदा दाखवा.

मी फेब्रुवारीत येतेय. त्याआधी पेट्रोलच्या नळीचं आतलं माप व्हर्नियरने घेऊन पाठवा, म्हणजे तेवढी नळी घेऊन येते. पंपाचा फोटो दोन्ही बाजूंनी. चारही व्हील सिलिंडरचं बोअर, तुमच्या त्या बारीक अक्षरात.

आईला नमस्कार. तिने पाठवलेला कांदा-लसूण मसाला संपत आला, पण त्याचं वेगळं बोलते तिच्याशी. वहिनीला सांगा, आकड्याची काळजी करू नकोस. छोट्याला पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. त्या गॅरेजवाल्याला एकदम नाही म्हणू नका, दादाच्या ओळखीतला आहे. दाराखालच्या पत्र्याचं वेल्डिंग त्याला द्या, एवढ्याच कामाचा वेगळा आकडा लिहून घ्या, आणि गाडी त्याच्याकडे सोडून येऊ नका, काम होईस्तोवर तिथेच बसा.