चांद्रयानाचे वेल्डर अजून आपल्यात आहेत, तोवर

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. २००८ च्या ऑक्टोबरात, चांद्रयान-१ च्या उड्डाणाच्या तोंडावर, मी आठवीच्या वर्गात फळ्यावर ते यान नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटची आकृती काढत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ''सर, ते खालचं मोठं डबडं माझे आजोबा वेल्डिंग करायचे.'' वर्ग हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळले, की पोरगा अक्षरशः खरे बोलत होता. त्या हसण्याची खंत आजही जात नाही, आणि हे पत्र त्याच खंतीतून लिहितो आहे.

आजोबा आमच्याच तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात होते. सत्तरच्या दशकापासून या कारखान्याने इस्रोसाठी रॉकेट मोटरची, म्हणजे ज्यात घन इंधन भरून जाळतात त्या भागाची, आवरणे बनवली. उपग्रह वर नेणाऱ्या आपल्या पहिल्या रॉकेटसाठी, एसएलव्ही-३ साठी बनवली, पुढे पीएसएलव्हीसाठीही बनवली. उसाच्या पट्ट्यात हे काम कसे आले, असे बाहेरच्याला वाटते. इथल्या माणसाला वाटत नाही. साखर कारखान्याचा बॉयलर म्हणजे दाब सहन करणारे पोलादी भांडे, आणि घन इंधनाच्या मोटरचे आवरण हेही दाब सहन करणारे पोलादी भांडेच. बॉयलरची वाफ सांभाळणारा हात इकडे वळला, एवढेच. पण हे दुसरे भांडे फार अवघड. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा, पाच खंड जोडून उभा केलेला. त्यात सुमारे १३९ टन इंधन असते आणि ते पावणेदोन मिनिटांत जळून जाते. आवरण जाड करून चालत नाही, कारण वाढलेला प्रत्येक किलो वर न्यावा लागतो. म्हणून निकेल भरपूर असलेले मॅरेजिंग पोलाद घ्यायचे, पातळ ठेवायचे, वेल्ड करायचे आणि मग भट्टीत ठराविक तापमानाला मुरवून त्याची ताकद वाढवायची. वेल्डमध्ये केसाएवढी चीर राहिली तरी एक्स-रेमध्ये दिसते आणि काम परत येते. आजोबा म्हणाले, ''रात्रपाळीत आवाज न करता काम चालायचं. खोकला आला तर आधी हात बाजूला घ्यायचा.''

यानांचा इतिहास आपण उड्डाणांच्या तारखांनी सांगतो: ४ ऑक्टोबर १९५७ ला ८३.६ किलोचा स्पुटनिक, १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटवरून आर्यभट्ट. मुलांना या तारखा पाठ असतात. पण हाच इतिहास झडपांचा आणि सांध्यांचाही आहे. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ परतत असताना दाब समतोल ठेवणारी एक झडप अवकाशातच उघडली आणि आत बसलेले तिन्ही अंतराळवीर गुदमरून गेले. १० ऑगस्ट १९७९ ला आपले पहिले एसएलव्ही-३ समुद्रात पडले, कारण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतले नायट्रिक आम्ल एका अडकलेल्या झडपेतून गळून गेले होते. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीच्या दुसऱ्या रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला फुटले आणि सात जण गेले. दोष होता बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या रॉकेटच्या, म्हणजे बूस्टरच्या, दोन खंडांमधल्या सांध्यात. त्यातले रबरी कडे थंडीने ताठर झाले होते. नेमका तसलाच सांधा आपल्या माणसांनी लेथवर उतरवला, मायक्रोमीटरने मोजला, पुन्हा मोजला. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत?

शास्त्रज्ञांबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधले काम सोडून १९६७ मध्ये केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर आले आणि घन इंधन देशात बनवण्याची घडी बसवली. कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ चिटणीसांनी थुंब्याची जागा हेरण्यात हातभार लावला, आणि १९७५-७६ मध्ये २४०० खेड्यांत उपग्रहाचे दूरदर्शन पोहोचवणारा साइट प्रयोग चालवला. त्यांच्याविषयी मुलांनी वाचलेच पाहिजे. मला फक्त शेजारची रिकामी ओळ खटकते.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याला पृथ्वीवरून वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना एस-२०० बूस्टर होते, ३.२ मीटर व्यासाचे, प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन. त्यांचे भाग वालचंदनगरहून आणि पवईहून गेले. मधल्या टप्प्यातली विकास इंजिने विक्रोळीतल्या कारखान्यात तयार होतात. म्हणजे आपल्या राज्यातल्या हातांवर ते सारे ओझे चढले. त्या संध्याकाळी आमच्या गावात फटाके वाजले, पण ज्यांनी असली आवरणे जोडली ते म्हातारे घरातच बसले होते. त्यांना कुणी बोलावले नाही, कारण कुणाला माहीतच नव्हते.

थुंब्याला १९६३ मध्ये पहिले रॉकेट उडाले तेव्हा सेंट मेरी मॅग्डालीनचे चर्च इस्रोच्या आधीच्या मंडळींचे कार्यालय होते. आज तिथे संग्रहालय आहे. लोक बघायला जातात आणि त्या दिवसांची गोष्ट ऐकून परततात. महाराष्ट्रात असे काय आहे?

माझी मागणी लहान आहे. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्याकडे येते. त्यांनी वालचंदनगर, विक्रोळी आणि पवईच्या निवृत्त वेल्डर, टर्नर, फिटर, क्रेनचालक आणि तपासनिसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, त्यांच्याच मराठीत. सूत, आटे, पाळी, जॉब हे कारखान्यातले शब्द तसेच राहू द्यावेत; ते साफसूफ करू नयेत. गोपनीय मापे कुणी विचारू नयेत, इस्रोशी बोलून मर्यादा आधीच ठरवाव्यात. माणूस हे काम कसा शिकला, पहिला जॉब नापास झाला तेव्हा काय वाटले, पोलादाचा रंग बघून काय ओळखायचा, हे विचारण्यात कसलाच धोका नाही. दुसरे म्हणजे, चाचणीत बाद झालेल्या आवरणाचा एखादा खरा तुकडा इस्रोकडून मागून पुण्यात मुलांना हात लावता येईल असा ठेवावा. थर्माकोलची प्रतिकृती नको. लोखंडाचा गारवा हाताला लागल्याशिवाय चौदा वर्षांच्या मुलाला हे काम कळत नाही, हे मी वर्गात पाहिले आहे.

इमारत, भूमिपूजन, समिती यांची सध्या गरज नाही. दोन माणसे, एक रेकॉर्डर आणि एसटीचे भाडे एवढ्यात सुरुवात होईल. आमच्या भागातल्या अशा कामगारांची यादी मी गेली दोन वर्षे हिंडून केली आहे. त्यांत एकोणीस नावे होती. गेल्या पावसाळ्यात दोन खोडावी लागली. त्या मुलाचे आजोबा यादीत पहिले आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बोलायला बसले की उठत नाहीत. सकाळी दहानंतर ते ओट्यावरच असतात. आपण माणसे पाठवा, मी त्यांना घरापर्यंत घेऊन जाईन.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. इंदापूर, जि. पुणे