दिवसाआड पाणी आणि गल्लीतले शेवटचे घर

महोदय,

तिघरा धरण शंभराहून अधिक वर्षे ग्वाल्हेरची तहान भागवत आले आहे. पावसाने ओढ दिली की ककेटो व पेहसारी धरणांतून त्यात पाणी सोडावे लागते, आणि तरीही दिवसाआड नळ येण्याची पाळी आपण शहराच्या लष्कर भागातल्या रहिवाशांनी अनुभवली आहे. पाणी कमी आहे हे समजू शकते. पण आहे तेही सर्वांना मिळत नाही, याचे फार वाईट वाटते. आमच्या गल्लीत नळ आला की पहिल्या घरांतले टुल्लू पंप घरघरू लागतात आणि शेवटच्या घरातल्या आजी तोटीखाली पातेले तिरके धरून थेंब थेंब गोळा करीत बसतात. नळाला थेट पंप लावल्याने जलवाहिनीतला दाब घटतो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते, म्हणजे पंपवाल्यांच्या हंड्यातही तेच येते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नळाच्या वेळेत पंप बंद ठेवायचे ठरवले. दोन दिवस वादावादी झाली, तिसऱ्या दिवशी आजींची टाकी भरली. प्रशासनाने नळाची वेळ आदल्या दिवशी कळवावी आणि टँकर गल्लीच्या टोकापासून रिकामा करावा. जुन्या वाड्यांतल्या विहिरींचा गाळ मृगापूर्वी काढून त्यांत गच्चीवरचे पाणी गाळून सोडावे. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी जमते.

— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर