नाव तेच, आतला गेम वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

सुट्टी लागली की मुलांच्या व्हिडिओ गेमवर पेपरात काही ना काही येतंच, डोळे बिघडतात, मैदानं ओस पडली वगैरे, ते खरंच आहे, पण गेम घ्यायचाच ठरला तर काय बघून घ्यायचं हे कोणी सांगत नाही. खेळांच्या गेममध्ये तर पालक हमखास फसतात, कारण नाव तेच, कव्हरवरचा खेळाडू तोच आणि आतला गेम मात्र कन्सोलप्रमाणे, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राप्रमाणे, बदलतो.

फुटबॉलच्या फिफा गेमचंच घ्या. फिफा २० प्लेस्टेशन ४ (पीएस४) वर आला तेव्हा त्यात गल्लीतल्या फुटबॉलचा नवा व्होल्टा मोड (खेळप्रकार) होता, निन्टेन्डो स्विचवर तोच गेम 'लेगसी एडिशन' म्हणून आला, व्होल्टा नाही, खेळणं आदल्या वर्षीचंच, नवीन काय तर टीम आणि जर्सी. २१, २२, २३ लाही हेच, म्हणजे सलग चार वर्षं! कव्हरवर 'लेगसी' छापलेलं असायचं, मान्य, पण नातवासाठी गेम घ्यायला गेलेल्या आजोबांना त्यावरून काय कळणार? २०२३ च्या एफसी २४ (फिफाचंच बदललेलं नाव) पासून स्विचलाही नवं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, मिळालं हे चांगलं झालं. आणि हे फक्त स्विचचं नाही, फिफा २२ चं गाजलेलं हायपरमोशन, म्हणजे खेळाडूंच्या हालचाली खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र, प्लेस्टेशन ५ (पीएस५), मायक्रोसॉफ्टचा नवा एक्सबॉक्स आणि गूगलचं स्टेडिया यांवरच होतं, पीएस४ आणि पीसीवाल्यांना नाही.

मुलं गेम मागतात ती मित्राकडे आहे म्हणून, त्याच्याशी खेळायचं म्हणून. फिफा २३ मध्ये पीएस५, नवा एक्सबॉक्स आणि पीसी यांना काही मोडमध्ये एकमेकांशी ऑनलाइन खेळता यायचं, पीएस४ ची जोडी जुन्या एक्सबॉक्स वनशी, आणि स्विचवाला यात कुठेच नाही. एकाच बिल्डिंगमधल्या पोरांकडे एकच गेम असून ती एकमेकांशी खेळू शकत नाहीत, याचं मला खूप वाईट वाटतं.

लहान मुलांसाठी माझ्या मते २०२२ चा निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स सगळ्यात चांगला, हातात जॉयकॉन (स्विचचा सुटा होणारा कंट्रोलर) धरून खरोखर हात फिरवायचा, टेनिस, बॅडमिंटन, बोलिंग, टेनिस-बोलिंगला एका टीव्हीसमोर चौघं खेळतात, घरातले मोठेही येतात. पण स्वस्त पडतो म्हणून स्विचचाच छोटा भाऊ स्विच लाइट घेतलात तर तो टीव्हीला जोडताच येत नाही, त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, या गेमसाठी जॉयकॉन वेगळे घ्यावे लागतात, आणि ते काही स्वस्त नसतात.

म्हणून विनंती अशी की पुरवणीत नव्या गेमची माहिती देताना नुसती किंमत आणि फोटो देऊ नका, कुठल्या कन्सोलवर काय कमी आहे, एका टीव्हीवर किती जण खेळतात आणि ऑनलाइन कुणाशी खेळता येतं एवढं तरी छापा. दुकानदारांनीही पैसे घ्यायच्या आधी घरी कुठला कन्सोल आहे ते विचारावं आणि हे सगळं सांगावं.

आपला,
एक पालक, डोंबिवली