निविदेत कुलपाचा भाव नको, आयुष्य बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा एका सार्वजनिक संस्थेच्या कुलूपखरेदीत मी दर भरला होता. पितळी लिव्हरचे, म्हणजे आत पितळेच्या पट्ट्या असलेले, खोलून दुरुस्त करता येणारे कुलूप मी नमुन्याला ठेवले. खरेदी झाली ती रिव्हेट मारून कायमच्या बंद केलेल्या पत्र्याच्या कुलपांची, कारण त्यांचा भाव निम्मा होता. आपल्याकडचा पावसाळा काय असतो ते बेळगाव-खानापूरकरांना सांगायला नको. श्रावण संपेपर्यंत त्यातली बरीचशी गंजून बसली आणि हॅक्सॉने कापावी लागली. ऑर्डर गेली याचे मला काही वाटत नाही, धंद्यात ते चालायचेच. पण अशा खरेदीने कोणाच्या पोटावर पाय येतो हे कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या दुकानातली बहुतेक कुलपे अलिगढची. जॉन्सन अँड कंपनी ही इंग्रजी पेढी १८७० च्या सुमारास तिथे विलायती कुलपे आणून विकत असे. १८९० मध्ये तिने तिथेच थोड्या प्रमाणात ती बनवायला सुरुवात केली आणि पुढे हे काम शहरात घरोघर पसरले. आजही तिथले एक कुलूप बहुधा एका छपराखाली पुरे होत नाही. ओतकाम एकाकडे, प्रेसचे काम दुसऱ्याकडे, पॉलिश तिसऱ्या गल्लीत, निकेल चढवणारा आणखी वेगळा. जोडणी आणि पॅकिंग पुष्कळदा घरातल्या बायका करतात. आपण इथे नगामागे पाच रुपये तोडले की त्याची झळ या साखळीत सगळ्यात खाली असलेल्या माणसाला लागते. पॉलिशच्या चाकाशी बसणाऱ्याच्या छातीत धातूची धूळ जाते, निकेलच्या टाकीपाशी रसायनांची वाफ असते. १९८० च्या दशकात या धंद्यात किती लहान मुले राबत होती यावर त्या वेळी बरेच लिहिले गेले. भाव पाडून घेताना एवढे तरी आठवावे.

तमिळनाडूतले दिंडीगुल मला त्याहून जवळचे वाटते. शेतीला पाणी पुरेसे नाही, लोखंड मात्र हाताशी, म्हणून तिथले कारागीर कुलपांकडे वळले असे सांगतात. आंब्याच्या आकाराचे कुलूप, किल्ली फिरवली की आत घंटा वाजणारे कुलूप, असे कितीतरी प्रकार तिथे हाताने बनतात. देवळे, तुरुंग, सरकारी कचेऱ्या ही त्यांची हक्काची गिऱ्हाइके. ही गिऱ्हाइके स्वस्त, यंत्रावरच्या मालाकडे वळली आणि भट्ट्या एकेक करून थंड पडल्या. २०१९ मध्ये दिंडीगुलच्या कुलपाला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव जपले जाते, ऑर्डर मिळत नाही. हे आपल्याला वेगळे कशाला सांगायचे? कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव जिल्हाही येतो. निपाणी-अथणीकडच्या चपला करणाऱ्या कोणालाही विचारा, त्यांनाही कागदापेक्षा कायमचे गिऱ्हाईक हवे आहे.

चांगले लिव्हरचे कुलूप एकदा उघडून पाहावे. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला आपली स्प्रिंग. किल्लीचा एकेक दाता आपापली पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली किंवा केसभर जास्त, तरी कुलूप उघडत नाही. हाताच्या कामात या खाचा किल्लीला लावून बघत बघत कानशीने जुळवतात. किल्ली हरवली तर आमच्या दुकानाबाहेर बसणारा किल्लीवाला तेच कुलूप खोलतो, पट्ट्या काढून रॉकेलमध्ये धुतो, कोरी किल्ली पट्ट्यांना लावत घासतो. घटकाभराचे काम, पण त्यावर त्याचा संसार चालतो. रिव्हेट मारलेल्या कुलपावर त्याला काहीच करता येत नाही, ते थेट भंगारात जाते. म्हणजे स्वस्त माल घेऊन आपण दिंडीगुलच्या कारागिराबरोबर आपल्या गल्लीतल्या माणसाचेही काम घालवतो.

साहेब लोक म्हणतात, कायद्याने हात बांधलेत. सार्वजनिक खरेदीसाठी कर्नाटकाचा १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे आणि त्यात कमी दराला महत्त्व आहे, हे खरे. पण कमी दर कोणत्या वस्तूचा, हे तर खरेदी करणाराच निविदेत लिहितो ना? नुसते ‘कुलूप, ६५ मिमी, नग अमुक’ असे लिहिले तर सगळ्यात हलका मालच येणार. पॅडलॉकसाठी आयएस २७५ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख करायला कोणता कायदा आडवा येतो?

आपल्या भागातल्या नगरपालिका, ग्रामपंचायती, बाजार समित्या, साखर कारखाने आणि देवस्थान समित्या यांना माझी विनंती आहे. निविदेत मानकाचा उल्लेख करा, कुलूप खोलून दुरुस्त होणारे असावे अशी अट घाला आणि किल्ली व दुरुस्तीची सोय तालुक्यातच मिळेल हे पुरवठादाराकडून लिहून घ्या. दुरुस्तीसाठी माणसे बाहेरून आणायला नकोत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंपाचे आणि मोटारीचे भाग ओतून, घासून देणारे कसबी हात आहेत, त्यांना लिव्हरची पट्टी म्हणजे काही अवघड काम नव्हे.

आपल्या वाचकांत कितीतरी भांडारपाल आणि ग्रामपंचायतींचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतील. त्यांनी गेल्या दोन वर्षांत किती कुलपे घेतली आणि किती कापून टाकली, हे नोंदवहीतून काढून या सदरात कळवावे. या अटींचा मराठी आणि कन्नड मसुदा मी तयार ठेवला आहे. कोणत्याही कार्यालयाने बोलावले तर मसुदा आणि उघडलेले कुलूप दोन्ही घेऊन येईन.

आपला,
एक हार्डवेअर व्यापारी, बेळगाव