सोडलेला मासा जगतोच असे नाही

संपादक महोदय,

हतनूरच्या बॅकवॉटरवर आणि तापीच्या बंधाऱ्यांवर हल्ली हौसेने गळ टाकणारी तरुण मंडळी बरीच दिसतात. मासा काढायचा, फोटो घ्यायचा, परत सोडायचा. चांगलेच आहे. पण ‘आम्ही मारत नाही’ म्हणत पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोई बांधवांना नावे ठेवणे मला खटकते. भोयाचा मासा निदान कुणाच्या ताटात तरी जातो.

हातातून सुटलेला मासा पोहत गेला म्हणजे वाचला, हे ठरवले कुणी? कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमवलेले रेनबो ट्राउट मासे मिनिटभर पाण्याबाहेर ठेवले, तर १२ तासांत त्यांतले ७२ टक्के मेले. पाण्याबाहेर न काढलेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के होते. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा, आपले रोहू-कटला चिवट, असे कुणी म्हणेल. मान्य. पण भुसावळचा मे महिना आठवा. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि झुंजून थकलेल्या माशाला तोच जास्त लागतो. मरळ वर येऊन हवा घेते, रोहूला ती सोय नाही. म्हणून उन्हाळ्यात हा खेळ बंदच ठेवावा. सेल्फी आषाढानंतर काढता येतील.

गळाचेही तसेच. मासा भुलवायला दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नकली माशांना तीन तोंडांचे गळ असतात. ते ओठात, गालात, कधी डोळ्यातही रुततात. सोडायचाच असेल तर एकच तोंडाचा गळ लावा आणि त्याच्या टोकाजवळचा, मासा निसटू न देणारा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. दोर ढिला पडला तर एखादा मासा निसटेल, निसटू द्या. आमिष लावून बसणाऱ्यांनी आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुक वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. मात्र हिसका द्यायची सवय सोडावी लागते. गळ गिळलाच असेल तर ओढाओढ न करता दोर तोंडाजवळ कापावा. माशाला कोरड्या हाताने धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

चिलापी लागली तर मात्र सोडू नका. ती मूळची आफ्रिकेची, इथल्या माशांच्या वाट्याचे खाणारी. ती सरळ घरी न्या.

— एक वाचक, भुसावळ