'विवाह आणि कुटुंब' : घरातल्या नोंदींचा अभ्यास थांबवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्र शिकते. या सत्रात त्यांना 'विवाह आणि कुटुंब' हा विषय आहे. आपल्या घरातील तीन पिढ्यांचा नातेतक्ता काढायचा, त्या पिढ्यांतली लग्ने कशी जुळली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहायचे आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा एक दिवस कशात जातो याची नोंद करायची, असा प्रकल्प त्यांच्या प्राध्यापिकेने दिला होता. दिवाळीच्या सुटीत मुले त्या कामाला लागलीही होती. सुटीनंतर काही पालकांनी महाविद्यालयात जाऊन तक्रार केली की मुले घरातल्या नको त्या गोष्टी उकरून काढत आहेत. त्यावर महाविद्यालयाने प्रकल्प रद्द केला आणि त्याऐवजी तेवढ्याच गुणांची लेखी चाचणी ठेवली. या निर्णयाबद्दल मला लिहायचे आहे. मी कोपरखैरण्याला राहते, ठाण्यात एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. मुलीची प्रकल्पाची वही मात्र मी पहिल्या पानापासून वाचली आहे आणि तिच्यातला बराच भाग माझ्यासमोर लिहिला गेला आहे.

एका संध्याकाळी मुलीने जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू फरशीवर पसरली आणि माझ्या सासूबाईंना समोर बसवले. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोघांमध्ये बरोबरचे चिन्ह आणि मुलांसाठी खाली उतरणारी रेघ, एवढीच त्या तक्त्याची लिपी आहे. आजीच्या वर्तुळापाशी येऊन तिने पेन्सिल थांबवली आणि विचारले, "आजी, तुझं नाव कुठलं लिहू? माहेरचं की सासरचं?" सासूबाई काही वेळ बोलल्याच नाहीत. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने त्यांचे नवे नाव लिहिले गेले, त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांत त्यांचे जुने नाव या घरात कोणी उच्चारलेले नव्हते. मी वीस वर्षे त्यांच्यासोबत राहते आहे, पण मलाही ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. मुलीने दोन्ही नावे लिहिली. 'विवाहानंतर स्त्रीचा सामाजिक दर्जा बदलतो' हे वाक्य बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातही आहे आणि लेखी चाचणीत ते लिहिणाऱ्याला गुणही मिळतील. परंतु ते वाक्य नेमके कशाबद्दल आहे, हे त्या कागदावरच्या दोन नावांनी जेवढे दाखवले तेवढे ते वाक्य स्वतः दाखवू शकत नाही.

त्याच मार्गदर्शकात कुटुंबाची जी व्याख्या पाठ करायला दिलेली असते ती अमेरिकी अभ्यासक मर्डॉक यांची, १९४९ सालची. सामायिक निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजनन ही कुटुंबाची लक्षणे, असे ती सांगते. आमच्या घराचा इतिहास तिच्या पहिल्याच शब्दापाशी अडतो. माझे सासरे पाटण तालुक्यातून मुंबईला आले, मसजिद बंदरला माथाडी कामगार म्हणून लागले आणि पुढे घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा त्यांची टोळीही इकडे आली. गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसे पाळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत होई आणि मजुरीचे पैसे मनीऑर्डरने गावी जात. सासूबाई बावीस वर्षे गावाकडे शेती, दोन म्हशी, म्हातारे सासू-सासरे आणि तीन मुले सांभाळत राहिल्या. त्या काळात नवरा-बायको एका छपराखाली राहत ते गणपतीचे आणि शिमग्याचे काही दिवस. तेव्हाचे आपले कुटुंब एकत्र म्हणायचे की विभक्त, असे मुलीने विचारले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चुली दोन व्हत्या, पर घर येकच व्हतं."

मुलीने हे उत्तर वर्गात वाचून दाखवल्यावर प्राध्यापिकेने सांगितले की आपल्या समाजशास्त्रज्ञांनी नेमका हाच मुद्दा मांडलेला आहे. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा गावाच्या अभ्यासात दाखवून दिले की वेगळ्या छपराखाली राहणारी घरेही मालमत्तेने, कर्तव्यांनी आणि अडीअडचणीच्या मदतीने एकमेकांशी बांधलेली असतात. पुढे १९७३ साली अ. म. शहा यांनी 'एका चुलीवर जेवणारी माणसे' आणि 'कुटुंब' या दोन गोष्टी अभ्यासात वेगळ्या धराव्यात, असे आग्रहाने मांडले. जनगणनेत घर मोजताना सामायिक स्वयंपाक ही खूण धरतात आणि मोजणीसाठी ती सोयीची आहे, पण माथाडींची, गिरणी कामगारांची आणि कोकणातल्या चाकरमान्यांची घरे त्या खुणेत कधी मावली नाहीत. शहरीकरणामुळे एकत्र कुटुंब मोडले, असे आपण सगळेच सहज बोलून जातो. आमच्या वहीतली नोंद सांगते की वाशीच्या बाजारातल्या पाठीवरच्या ओझ्याने पाटणचे एकत्र घर आणखी पंचवीस वर्षे उभे ठेवले. कोपरखैरणे, घणसोली आणि तुर्भे येथील माथाडी वसाहतींत अशी किती घरे असतील! त्यांचा हा इतिहास त्यांच्याच नातवंडांनी लिहून काढला नाही, तर तो सांगणारी माणसे आता फार थोडी वर्षे आपल्यात आहेत.

लग्नांच्या नोंदींचेही तसेच झाले. सासूबाई या माझ्या सासऱ्यांच्या मामाची मुलगी. त्यामुळे आमच्या तक्त्यात एक रेघ वर जाऊन पुन्हा त्याच घराण्याला मिळते. मुलीच्या वर्गातल्या उत्तर प्रदेशातील मैत्रिणीला हे पाहून धक्काच बसला, कारण तिच्याकडे मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी आणि स्वतःच्या गावात सोयरीकच करत नाहीत. नेरूळच्या मल्याळी मैत्रिणीने पणजीच्या काळातल्या नायर घराची हकीकत आणली होती. त्या घरात वंश आईकडून मोजला जाई आणि मुले आईच्या घरची मानली जात. घणसोलीच्या आगरी मुलीने आपल्याकडच्या लग्नात धवले म्हणजे लग्नगीते गात विधी पार पाडणाऱ्या धवलारणीची माहिती लिहिली, म्हणजे लग्न लावण्याचा अधिकार बाईकडे असू शकतो हे मुलांना आपल्या ठाणे-रायगडातच सापडले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतभरच्या नातेव्यवस्थेची उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशी जी मांडणी केली आणि महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश कसा आहे ते दाखवले, ते सारे ठाण्याच्या एका वर्गात चार बाकांवर बसलेले होते. हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांतील विवाह निषिद्ध ठरवला, पण रूढी असल्यास त्याला सूटही ठेवली, ती का ठेवावी लागली हे त्या चार मुलींना आता कोणी वेगळे शिकवायला नको.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, पुढे मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला आणि इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. इरावतीबाईंनीही माहिती मिळवली ती गावोगाव फिरून, माणसांना विचारून. ज्या विद्यापीठाची ही परंपरा आहे, त्याच्याच एका महाविद्यालयात घरातल्या आजीला प्रश्न विचारण्याचे काम रद्द व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तक्रार करणाऱ्या पालकांपैकी एका गृहस्थांशी माझे बोलणे झाले. ते म्हणाले, "ताई, पोरांना शिकवा, पण घरं फोडायला शिकवू नका. उद्या हीच पोरं आपल्याला जाब विचारतील." त्यांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. काही घरांत घटस्फोट झालेला असतो, कोठे मारहाण असते, कोठे कोणी घर सोडून गेलेले असते आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ते सर्वांसमोर वाचून दाखवायला लागणे हा अन्याय आहे. म्हणून नावे बदलून लिहिण्याची मुभा असावी, ज्याला विचारायचे त्याची संमती घ्यावी, वही प्राध्यापिकेशिवाय कोणी पाहू नये, आणि ज्याला स्वतःच्या घराबद्दल लिहायचे नाही त्याला शेजारच्या किंवा ओळखीच्या घराची नोंद करू द्यावी. असे नियम आधीच लिहून पालकांना दिले असते तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या, आणि ही उणीव महाविद्यालयाने मान्य करायला हवी. मात्र 'जाब' या शब्दाबद्दल मला थोडे सांगायचे आहे.

वहीत जमिनीचे एक पान आहे. माझ्या दोन्ही नणंदांनी गावच्या जमिनीवरचे हक्कसोडपत्र करून दिलेले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो अधिक स्पष्ट केला. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बहिणी सह्या करतातच. मुलीने मोठ्या आत्याला फोनवर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "जमीन घेतली असती, तर भाऊबीजेला कुठल्या तोंडाने आले असते?" मुलीच्या वडिलांनी हे शेजारी बसून ऐकले. त्यांनी सही मागितली नव्हती, पण ती आल्यावर नाकारलीही नव्हती. त्या रात्री आमच्या घरात या विषयावर बारा वर्षांत पहिल्यांदा बोलणे झाले आणि घर फुटले नाही. येथे नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या गावकऱ्यांना भूखंड देण्याच्या सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतील वाटपातही किती बहिणींची नावे राहिली आणि किती सुटली, हे गावठाणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कायदा एक सांगतो, माहेरची ओढ दुसरे सांगते आणि यांच्यामधली जागा हाच समाजशास्त्राचा विषय आहे. मुलीने कोणाला दोष दिलेला नाही. आत्याचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि त्याखाली कायद्याची वर्षे लिहिली, एवढेच.

वेळेच्या नोंदीचे पान मी मिटून ठेवले होते, आता त्याबद्दलही लिहिते. देशातल्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असे आढळले की आपल्याच घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे घालवतात. माझ्या दिवसाची सुरुवात मुलीने पहाटे चार-पन्नासला, पाणी येते तेथून केली होती. डबे, सासूबाईंची औषधे, ठाण्याची गाडी, परतताना भाजी, रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. बेरीज तिने मला न विचारता केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून सकाळचे पाणी भरण्याचे काम तिने व तिच्या भावाने आपसांत वाटून घेतले आहे. माझ्या यजमानांनीही रात्रीच्या भांड्यांचे काम आपणहून घेतले आहे.

आणखी एक उल्लेख आपल्या दैनिकाशी संबंधित आहे म्हणून करते. मुलांना रविवारच्या पुरवणीतील वधू-वर सूचक जाहिराती वाचून त्यांत काय मागितले जाते ते लिहायला सांगितले होते. पोटजात, उंची, वर्ण, पत्रिका, स्वतःचे घर असल्यास प्राधान्य, आणि या सर्वांनंतर 'अनुरूप' हा शब्द. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हाच जातिव्यवस्थेचा गाभा असल्याचे दाखवले होते. शंभराहून अधिक वर्षांनी तो गाभा सदनिकेच्या अटीशेजारी छापलेला मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. संसार सुखाचा कसा करावा, हे सांगणारी व्याख्याने पुष्कळ होतात आणि ती व्हावीतही. लग्न जुळते कसे, कोणाच्या ठरवण्याने जुळते आणि त्यात कोणाचे काय जाते, हे मात्र दुसरा कुठलाही विषय शिकवत नाही.

माझी महाविद्यालयाला विनंती आहे की वर सुचवलेल्या अटी घालून हा प्रकल्प पुन्हा सुरू करावा. ते या सत्रात शक्य नसेल, तर ज्या विद्यार्थ्यांच्या वह्या पूर्ण झाल्या आहेत त्या तरी चाचणीऐवजी स्वीकाराव्यात, आणि ज्या प्राध्यापिकेने हे काम दिले त्यांच्याकडून खुलासा मागण्याऐवजी पालकांची एक बैठक बोलावून तेथे प्राध्यापिकेलाच त्याविषयी बोलू द्यावे. त्या बैठकीला मी रजा टाकून येईन. आमच्या वहीत धाकट्या आत्याच्या सासरची बाजू अद्याप कोरी आहे. गुण मिळोत वा न मिळोत, येत्या रविवारी मुलगी आजीला घेऊन तिच्याकडे जाणार आहे.

आपली नम्र,
एक पालक,
कोपरखैरणे, नवी मुंबई