सर्वोत्तम व्हिडिओ गेम ठरवायचा तो कशावरून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘आजवरचे सर्वोत्तम २५ व्हिडिओ गेम’ हा लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला अख्खे पान दिले याचा मनापासून आनंद झाला. मात्र यादीचा क्रम लावताना खपाचे आकडे आणि चित्रांचा हुबेहूबपणा ही दोनच मापे वापरलेली दिसली, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. १९९४ ते २००५ या काळात कराडला एस.टी. स्टँडजवळ आमचे छोटेसे व्हिडिओ गेम पार्लर होते. दुपारी गल्ल्यावर मी बसत असे. त्या अकरा वर्षांत मी खेळणाऱ्या मुलांचे हात इतके पाहिले आहेत की, कोणता खेळ चांगला आहे हे पडद्याकडे न बघताही कळावे. नाटकाची परीक्षा रंगमंचावर आणि गाण्याची मैफलीत होते, तशी व्हिडिओ गेमची परीक्षा खेळणाऱ्याच्या हातात होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपल्या लेखात नेमका हातच कुठे दिसला नाही.

खपाचे आधी उरकते. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘वी स्पोर्ट्स’च्या ८ कोटींहून अधिक प्रती गेल्या हे खरे, पण जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तो ‘वी’ या गेमयंत्राच्या खोक्यातच मिळत असे. साबणाबरोबर फुकट आलेला चमचा घरोघर दिसतो, म्हणून तो सर्वांत चांगला चमचा ठरत नाही. खेळ वाईट होता असे मी म्हणत नाही. आकड्यावरून ते कळत नाही, एवढेच म्हणते. ‘माइनक्राफ्ट’ने २०२३ मध्ये ३० कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. तो थोर खेळ आहे असे मीही मानते, पण त्याचे कारण हा आकडा नव्हे. रिकाम्या माळावर सोडलेला माणूस पहिल्या रात्रीच्या आत स्वतःच्या डोक्याने निवारा उभा करतो, आणि तसे कर असे त्याला कोणी सांगितलेले नसते, हे त्याचे कारण आहे.

चित्रांच्या हुबेहूबपणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ‘टेट्रिस’ तयार केला, तेव्हा त्यांच्यासमोरच्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. त्यांनी टंकलेखनातले कंस जोडून चौकोन दाखवले. चार चौकोनांचे सात आकार, ते वरून खाली येणार, ओळ भरली की नाहीशी होणार. संपूर्ण खेळ एवढाच. तरीही आमच्याकडे रात्री शटर ओढल्यावर मी स्वतः ज्या एकाच खेळासाठी थांबत असे, तो हा. लांब पट्टी केव्हा येईल याची वाट पाहत डावीकडचा एक रकाना मोकळा ठेवायचा, आणि ती येण्याआधीच ढीग गळ्याशी आला की तोच मोकळा रकाना तोंड वासून बसायचा. लोभ कितपत धरावा याचा निर्णय दर दोन सेकंदांनी घ्यावा लागे, आणि तो चुकला तर दोष देण्यासाठी दुसरे कोणी नसे. या खेळाचे चित्र कितीही सुधारले तरी या अनुभवात तसूभरही भर पडत नाही.

त्याच टेट्रिसची १९८९ ची, निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरची आवृत्ती घ्या. एकोणतिसाव्या पातळीवर आकार इतक्या वेगाने पडू लागतात की, माणसाचा खेळ तिथेच संपतो असे वर्षानुवर्षे मानले जात होते. पुढे खेळाडूंनी कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचा बटणांचा संच, धरण्याची नवी रीत काढली. अंगठ्याने बटण दाबण्याऐवजी अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटे एकापाठोपाठ एक आपटायची, जवळजवळ तबल्यावर वाजवावीत तशी. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने हा खेळ इतका लांबवला की यंत्रच गोठले. जो खेळ बाजारात आल्यानंतर तीस वर्षांनंतरही माणसाच्या बोटांना नवी विद्या शिकवतो, तो आपल्या यादीत एकोणिसावा आहे. ‘ग्राफिक्स साधे’ असा शेरा त्याच्यापुढे वाचून मला वाईट वाटले.

आता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. १९८५ च्या या खेळाला आपण ‘बालपणीची आठवण’ म्हणून यादीत जागा दिलीत. आठवण हे गुण देण्याचे कारण असू शकत नाही, आणि या खेळाला त्या सवलतीची गरजही नाही. पहिल्यांदाच खेळायला बसणाऱ्या मुलाकडे मी मुद्दाम पाहत असे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. मूल आपोआप उजवीकडे निघते. लगेच समोरून एक रागीट तपकिरी प्राणी चालत येतो. मूल त्याला धडकते, मरते, आणि पाच सेकंदांत पुन्हा तिथेच येते, म्हणजे शिक्षा अगदी हलकी. दुसऱ्या खेपेला ते उडी मारते. मग प्रश्नचिन्हाच्या चौकोनाला डोके लागून एक अळंबी बाहेर पडते, उजवीकडे घरंगळते, पुढच्या नळावर आपटून परत फिरते आणि थेट मुलाकडेच येते. मूल दचकून उडी मारू पाहते, तर वरच्या विटा ती उडी अडवतात आणि अळंबी अंगावर येते. मारिओ मोठा होतो, आणि मूल मागे वळून माझ्याकडे बघते. ते मागे वळून बघणे मी शेकडो वेळा पाहिले आहे. ही मांडणी योगायोगाने झालेली नाही. या खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी ती विचारपूर्वक कशी केली, हे त्यांनी स्वतःच पुढे उलगडून सांगितले आहे. वाचता न येणाऱ्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलाला एक अक्षरही न वापरता अर्ध्या मिनिटात नियम शिकवणारी ही मांडणी अवघ्या ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेली आहे. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवून फक्त रंग बदलला आहे. मुलांना अकरा वर्षांत ते कधी खटकले नाही.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण प्रामाणिकपणे दिले पाहिजे. आमच्या पार्लरचे भाडे ज्या खेळाने भरले, तो आपल्या यादीत नाही आणि परदेशी याद्यांमध्येही सहसा आढळत नाही. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा तो मारामारीचा खेळ. हे नाव आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हते; पिवळ्या टोपीतल्या चपळ पात्रावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. तिघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, मुस्तफा कोणी घ्यायचा यावरून आधी भांडायचे, आणि तिसऱ्या स्टेजला गाडी हाती आली की बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असे ओरडायचे. एका रुपयाला एक टोकन, आणि शनिवारी दुपारी टोकनांचा डबा रिकामा. एवढे असूनही पहिल्या दहांत त्याला बसवा असा आग्रह मी धरणार नाही. त्यातला मार बराचसा एकसुरी आहे आणि शेवटचे बॉस, म्हणजे स्टेजच्या अखेरीस येणारे बलाढ्य शत्रू, खेळाडूचे कसब जोखण्यापेक्षा टोकन संपवण्यासाठीच बेतलेले वाटतात. आपण ज्यावर प्रेम केले आणि जे उत्तम आहे, यांत फरक करता आला पाहिजे, आणि यादी करणाऱ्याकडून तर ती अपेक्षा आहेच.

‘प्रभावी’ आणि ‘सर्वोत्तम’ या दोन शब्दांचीही आपल्या लेखात सरमिसळ झाली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चित्रपट आणि खेळांना पुरस्कार देणाऱ्या ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेने लोकांचा कौल घेतला आणि त्यात सेगा कंपनीचा १९९९ चा ‘शेनमू’ पहिला आला. पण विचारलेला प्रश्न सर्वांत प्रभावी खेळ कोणता, असा होता. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील द स्ट्राँग संग्रहालय २०१५ पासून खेळांना आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मान देते, तेही प्रसिद्धी, टिकाऊपणा, भौगोलिक प्रसार आणि प्रभाव या चार कसोट्या लावून. त्या संग्रहालयाच्या दृष्टीने त्या योग्यच आहेत, कारण त्यांना इतिहास जपायचा आहे. तथापि आज खेळायला बसल्यावर हा खेळ कसा वाटतो, हा प्रश्न त्या चारांत नाही. आपण ‘सर्वोत्तम’ असा शब्द वापरता, तेव्हा तो प्रश्न टाळून चालणार नाही.

आपण पहिल्या क्रमांकावर ठेवलेला निन्टेन्डोचा ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ हे याचे चांगले उदाहरण आहे. परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील त्याचे १०० पैकी ९९ गुण आपण छापले आहेत. ते गुण १९९८ च्या सुमारास, त्या वेळच्या परीक्षकांनी दिलेले आहेत. त्रिमिती जगात शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरण्याची जी सोय या खेळाने केली, ती आज इतकी सर्रास झाली आहे की तिचे मोल नव्या खेळाडूला जाणवतही नाही. त्याचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे. परंतु त्याच खेळातल्या पाण्याच्या मंदिरात तळाशी जाण्यासाठी लोखंडी बूट चढवायचे, वर येण्यासाठी काढायचे, आणि दर वेळी खेळ थांबवून, सामानाची यादी उघडून ते बदलायचे, हा वैताग ज्याने सोसला आहे तो त्याबद्दल एक ओळ तरी लिहिल्याशिवाय राहणार नाही. निन्टेन्डोने २०११ च्या नव्या आवृत्तीत ही बूट बदलण्याची सोय सुधारली, म्हणजे चूक त्यांनाही मान्य होती. आपल्या लेखात या मंदिराचा उल्लेख नाही, आणि आपण कोणती आवृत्ती विचारात घेतली हेही लिहिलेले नाही.

लेखकांनी हे पंचवीस खेळ स्वतः खेळले आहेत का, असा प्रश्न त्यामुळे मनात आला. तो मी आरोप म्हणून विचारत नाही, कारण यातली अडचण खरी आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी बाजारात आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज दुकानातून रीतसर विकत मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. सातशे वर्षांपूर्वीची ओवी आपण आज सहज वाचू शकतो, पण तीस वर्षांपूर्वीचा खेळ लावायला यंत्र मिळत नाही. मग यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ पाहून मत बनवले जाते. पण लग्नाचा अल्बम चाळून पंगतीतल्या जेवणाची चव सांगता येत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी’ हा खेळ केवळ आपल्याकडचा म्हणून यादीत घ्यावा, असे काही वाचक आपल्याला लिहितील. माझी तशी विनंती नाही. त्यालाही हीच कसोटी लावावी आणि तिला तो जेवढा उतरेल तेवढेच गुण द्यावेत.

माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी यादी छापताना प्रत्येक खेळापुढे तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत आणि किती तास खेळला ते लिहावे. शक्य झाल्यास परीक्षकाच्या शेजारी तो खेळ कधीही न पाहिलेला एक माणूस बसवावा आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याचे हात काय करतात त्याची नोंद घ्यावी. आमच्या पार्लरमधला एक संच, दोन कंट्रोलर आणि मारिओ व टेट्रिसच्या कॅसेट माझ्याकडे अजून चालू स्थितीत आहेत. एका कंट्रोलरचे डावे बटण थोडे जोरात दाबावे लागते. आपले परीक्षक कराडला येणार असतील तर संच लावून ठेवीन, आणि त्यांना पुण्या-मुंबईलाच हवा असेल तर एस.टी.ने पाठवण्याची व्यवस्थाही मी करू शकेन.

आपली नम्र,
एक वाचक, कराड